लंडनमधलं आमचं बिऱ्हाड

लंडनला जायचं नक्की झालं तेव्हा आईने एकच अट घातली. "मला सगळं लंडन दाखवू नका. टिळक राहत होते ते घर आणि बाबासाहेब राहत होते ते घर, एवढं दाखवा. बाकी तुम्ही न्याल तिथे येईन." आई ७२ वर्षांची, निवृत्त शिक्षिका, दोन्ही गुडघे दुखरे. लेक १० वर्षांची, तिला डायनोसॉर बघायचे होते आणि नावेत बसायचं होतं. नवऱ्याला संग्रहालयं हवी होती. माझ्या मनात होतं ते इतकंच, की संध्याकाळी परतताना चौघांपैकी कुणीही रडवेलं झालेलं नसावं. हाताशी जून २०२४ मधल्या आठ रात्री होत्या.

बुकिंगला बसले आणि सगळ्यात आधी स्वस्त जागा शोधली. लंडनचे मध्यापासून बाहेर १ ते ९ असे झोन आहेत, आणि झोन ४ मध्ये एक छान घर मिळत होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे बाग. भाडं मध्यवर्ती हॉटेलांपेक्षा बरंच कमी. मग कागदावर हिशोब मांडला. दारापासून शहराच्या मध्यापर्यंत चालणं धरून ५० मिनिटं, यायला तेवढीच, असे आठ दिवस. म्हणजे तेरा तासांहून जास्त वेळ नुसत्या जाण्यायेण्यात. तेही एक वेळ चाललं असतं, पण खरी अडचण वेगळी होती. एवढ्या लांबून दुपारी परत येता येत नाही. सकाळी नऊला बाहेर पडलेल्या माणसाला मग रात्रीच पाठ टेकता येते. बहात्तरीच्या बाईला आणि दहा वर्षांच्या मुलीला हे आठ दिवस जमणार नव्हतं.

त्या रात्री मी आमच्यापुरता नियम ठरवला: दुपारी तीन वाजता परत येऊन तासभर आडवं होता येईल अशीच जागा घ्यायची. प्रेक्षणीय स्थळांपासूनचं अंतर, खिडकीतून दिसणारा देखावा, नाश्ता, हे सगळं त्यानंतर. मोठ्या शहरात मुक्काम निवडताना लोक सकाळचा विचार करतात, कुठून कुठे लवकर पोचू याचा. मला वाटतं, विचार दुपारचा आणि रात्री दहाचा करावा.

जागा ठरवायला ट्यूबचा, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेचा नकाशा उघडला आणि त्याने आधी चकवलंच. हॅरी बेकचा तो सुंदर नकाशा १९३३ मध्ये पहिल्यांदा छापला गेला. त्यात रेषा सरळ आणि स्थानकं सारख्या अंतरावर मांडलेली आहेत, कारण गाडी कुठे बदलायची हे सांगणं हे त्याचं काम. खऱ्या अंतराचा त्याच्याशी संबंध नाही. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे नकाशावर चांगलं एक स्थानक दिसतं, प्रत्यक्षात ते जेमतेम २६० मीटर आहे. म्हणून मी साधा रस्त्यांचा नकाशा घेतला आणि आम्हाला हव्या त्या जागांवर पेन्सिलीने ठिपके दिले. आपोआप पुंजके दिसायला लागले: पूर्वेला टॉवर ऑफ लंडन हा किल्ला आणि सेंट पॉल्स कॅथेड्रल, नैर्ऋत्येला साऊथ केन्सिंग्टनची संग्रहालयं, नदीच्या प्रवाहाच्या दिशेने लांबवर ग्रिनिच, आणि वायव्येला आईची दोन घरं. एका दिवशी एकच पुंजका घ्यायचा, दुसऱ्याला हात लावायचा नाही.

मग प्रश्न जिन्यांचा. लंडनची ट्यूब १८६३ पासून धावते आहे, आणि रस्त्यापासून फलाटापर्यंत एकही पायरी न चढता जाता येईल अशी स्थानकं साधारण एक तृतीयांशच आहेत. त्यांचा वेगळा नकाशा मिळतो. तो पेन्सिलीच्या नकाशाशेजारी ठेवल्यावर किंग्ज क्रॉसवर बोट थांबलं. एका स्थानकातून सहा मार्ग, लिफ्ट थेट फलाटापर्यंत, आणि हीथ्रो विमानतळावरून पिकॅडिली लाइनने गाडी न बदलता तासाभरात येता येतं. एलिझाबेथ लाइन मध्य लंडनला लवकर पोचवते, पण तिचं भाडं दुपटीहून जास्त आहे आणि आम्हाला वाटेत बॅगा घेऊन गाडी बदलावी लागली असती. किंग्ज क्रॉसच्या खालचा भाग म्हणजे ब्लूम्सबरी. झाडांचे चौक, विद्यापीठाच्या इमारती, आणि ब्रिटिश म्युझियम चालत पंधरा मिनिटांवर.

तिथली बरीचशी हॉटेलं जुन्या, एकमेकांना चिकटून उभ्या घरांमध्ये आहेत. दिसायला देखणी, पण आत अरुंद जिने आणि एवढ्याशा खोल्या. मी पाच हॉटेलांना तेच चार प्रश्न पाठवले. लिफ्ट आहे का? लिफ्टपर्यंत पोचायला पायऱ्या आहेत का? खोली तळघरात तर नाही ना? आणि दोन खोल्या शेजारी मिळतील का? एका हॉटेलच्या जाहिरातीत लिफ्ट होती, उत्तरात मात्र "लिफ्टच्या आधी सात पायऱ्या आहेत" असं आलं. दुसरा प्रश्न विचारला नसता तर या सात पायऱ्या आम्हाला तिथे गेल्यावर कळल्या असत्या, रोज चार वेळा. शेवटी एक साधं, नव्या इमारतीतलं हॉटेल घेतलं. बुकिंग रद्द करता येण्याजोगं केलं, कारण व्हिसा हातात येईपर्यंत पैसे अडकवायचे नव्हते. झोन ४ मधल्या घरापेक्षा ते महाग पडलं. त्याचा मला एकदाही पश्चात्ताप झाला नाही.

आम्ही शुक्रवारी दुपारी पोचलो. ब्रिटिश म्युझियम शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं हे आधी वाचलं होतं, म्हणून संध्याकाळी सगळे हळूहळू चालत तिकडे गेलो. प्रवेश फुकट आहे, आणि संग्रहालय बघण्याची तऱ्हाच त्यामुळे बदलते. तिकीट काढलेलं असलं की माणूस पैसे वसूल होईपर्यंत पाय ओढत राहतो. इथे आम्ही पहिल्या दिवशी फक्त रोझेटा शिला आणि आंध्रमधल्या अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं पाहिली आणि निघालो. अमरावतीचे ते दगड तापमान राखलेल्या, काच लावलेल्या दालनात आहेत. आई प्रत्येक फलकासमोर थांबत होती. बुद्ध जिथे मूर्तीने दाखवला नाही तिथे रिकामं आसन, पावलं, बोधिवृक्ष. ती लेकीला एकेक खूण समजावत होती. लेकीने विचारलं, "आजी, हे सगळं इकडे का आणलं?" आईने तिला खरं ते सांगितलं, गोड करून नाही. त्या प्रश्नासाठी तरी मुलांना तिथे न्यायला हवं.

टॉवर ऑफ लंडनचं तिकीट मात्र आधी काढलं आणि दार उघडायच्या वेळीच हजर झालो. आत गेल्या गेल्या बाकी काही न बघता सरळ राजरत्नांकडे गेलो, कारण दुपारी तिथे लांब रांग लागते. कोहिनूर आहे तो १९३७ मध्ये घडवलेल्या राणीमातेच्या मुकुटात. समोर सरकता पट्टा आहे, त्यावर उभं राहून पुढे जावं लागतं. आम्ही दोनदा गेलो. दुपारी सगळे हॉटेलवर येऊन झोपलो आणि पाच वाजता ताजेतवाने होऊन सेंट पॉल्सच्या सायंप्रार्थनेला गेलो. दिवसा या कॅथेड्रलला तिकीट असतं, प्रार्थनेला येणाऱ्याकडून काही घेत नाहीत. वास्तुकार ख्रिस्टोफर रेनने बांधलेल्या त्या घुमटाखाली समूहगान ऐकताना आईने डोळे मिटले होते. दुपारची झोप झाली नसती तर त्या वेळी आम्ही कुठल्यातरी बाकावर एकमेकांवर चिडत बसलो असतो.

साऊथ केन्सिंग्टनबद्दल थोडक्यात: तिथे तीन मोठी संग्रहालयं शेजारीशेजारी आहेत आणि तिन्ही फुकट, म्हणून तिन्ही एका दिवसात उरकायचा मोह होतो. तो आवरावा. आम्ही नॅचरल हिस्टरी म्युझियम घेतलं, जिथे छताला २५ मीटर लांबीच्या निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलेला आहे, आणि बाकीच्या दोघांना बाहेरूनच नमस्कार केला. नवरा एका संध्याकाळी एकटा परत जाऊन व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट बघून आला. एकत्र प्रवासात प्रत्येकाला अशी एक मोकळी संध्याकाळ द्यावी.

ग्रिनिचला जाताना नदीतून गेलो. येताना डीएलआर नावाच्या, चालक नसलेल्या हलक्या रेल्वेगाडीच्या अगदी पुढच्या खिडकीत लेकीला बसवलं, म्हणजे जणू तीच गाडी चालवते आहे. शहरात फिरायला मात्र आम्ही बसच जास्त वापरली. भाडं तेव्हा १ पाऊंड ७५ पेन्स होतं, तासाभरात बस बदलली तर दुसरीचे पैसे लागत नाहीत, आणि ११ वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांबरोबर मोफत. वरच्या मजल्याची पुढची जागा मिळाली की वेगळ्या पर्यटन बसची गरज उरत नाही. आईला जिना चढायचा नसे तेव्हा ती खालीच बसायची आणि लेक वरून उतरल्यावर काय काय दिसलं ते तिला सांगायची.

आईच्या दोन घरांचा दिवस मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला होता. नकाशावर ती घरं एकमेकांपासून दूर आहेत, पण त्यांच्यामध्ये एक कालवा आहे. १८२० मध्ये पूर्ण झालेला रीजंट्स कालवा. हे लक्षात आलं तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो.

सकाळी किंग्ज क्रॉसहून थेट पॅडिंग्टन आणि तिथून कालव्याच्या काठाने लिटल व्हेनिस. त्याच्या शेजारीच हॉली प्लेस नावाची शांत गल्ली आहे. १० क्रमांकाच्या घरावर निळी गोल पाटी: लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये इथे राहत होते. इंग्रज पत्रकार चिरोल यांच्यावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी ते लंडनला आले होते. तो खटला ते हरले, पण त्या काळात तिथे स्वराज्याचा प्रचार त्यांनी थांबवला नाही. घर खाजगी आहे, आत जाता येत नाही, म्हणून आम्ही समोरच्या पदपथावर उभे राहिलो. थोर माणसं जिथे राहिली त्या घरांवर पाट्या लावण्याची पद्धत लंडनमध्ये १८६६ पासून चालत आली आहे. कुणी काय केलं त्याचे पुतळे सगळीकडे असतात. कुणी कुठे बिऱ्हाड केलं होतं हे जपणारं शहर मला फार आवडलं.

लिटल व्हेनिसहून लांबट, अरुंद नाव निघते ती एका अंधाऱ्या बोगद्यातून आणि प्राणिसंग्रहालयाच्या कडेने कॅम्डेनला पोचवते. पाऊण तास, तासभर लागतो. लेकीची नाव झाली, आईचे पाय शांत राहिले. कॅम्डेनहून बसने चॉक फार्म, आणि तिथून थोडं चालून किंग हेन्रीज रोड, क्रमांक १०.

डॉ. आंबेडकर या घरात १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून भाड्याने राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये विकत घेतलं. तिथल्या नगरपालिकेने संग्रहालयाला परवानगी नाकारली होती, ती २०२० मध्ये ब्रिटिश सरकारकडून मिळाली. आईने गुडघ्यांची पर्वा न करता जिना चढला. मी हात पुढे केला तर म्हणाली, "राहू दे गं. इथे माझी मी चढते." वर खिडकीशी ती बराच वेळ उभी होती. मग मला विचारलं, "इथून ब्रिटिश म्युझियम किती लांब?"

साधारण चार किलोमीटर, मी सांगितलं. बाबासाहेबांनी या शहरातले दिवस ज्या वाचनालयात घालवले ते त्या काळी ब्रिटिश म्युझियममध्येच होतं, मधल्या गोल इमारतीत. पहिल्या संध्याकाळी आम्ही त्या गोल भिंतीला वळसा घालून अमरावतीकडे गेलो होतो आणि कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

"म्हणजे आपलं बिऱ्हाड त्यांच्या वाचनालयाशेजारीच पडलं की!" आई म्हणाली. जागा शोधताना मी लिफ्ट बघितली होती, मार्ग बघितले होते. हे मी बघितलं नव्हतं.

संध्याकाळी प्रिमरोज हिलच्या माथ्यावर बसलो. चढ सौम्य आहे, बाकं आहेत, आणि समोर सगळं लंडन पसरलेलं. सेंट पॉल्सचा घुमट इथून दिसत राहावा म्हणून मधल्या बांधकामांच्या उंचीवर बंधन आहे. जूनमध्ये सूर्य मावळायला सव्वानऊ वाजून जातात. लेकीने बीटी टॉवर ओळखला आणि त्याच्या डावीकडे बोट दाखवत म्हणाली, "आजी, तिथे आपलं घर." हॉटेल म्हणाली नाही.

आईने त्या दिशेला बघून घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं विमान होतं, बॅगा भरायच्या होत्या. "सकाळी मला परत म्युझियममध्ये सोडशील?" तिने विचारलं. "आत काही बघायचं नाही. त्या गोल इमारतीशी तासभर बसेन फक्त."

म्युझियम सकाळी दहाला उघडतं. हॉटेलपासून चालत पंधरा मिनिटं, आईच्या चालीने वीस. साडेनऊला निघायचं ठरवून आम्ही टेकडी उतरलो आणि बस पकडली.