लक्ष्मी खोऱ्याखाली नेमके कोणते कवच आहे?

सिस्मिक छेद, म्हणजे ध्वनीच्या प्रतिध्वनींवरून काढलेला समुद्रतळाखालचा आलेख, पहिल्यांदा हाती आला, तेव्हा तो समुद्राखालच्या थरांचे सरळ चित्रच आहे असे समजून मी वाचू लागलो होतो. उभ्या अक्षावर मीटर नसून सेकंद आहेत, हे लक्षात यायला बराच वेळ लागला. एअरगनचा (दाबलेली हवा सोडून आवाज करणाऱ्या यंत्राचा) ध्वनी तळापर्यंत जाऊन हायड्रोफोनवर (पाण्यातल्या ध्वनिग्राहकावर) परत येण्यास लागणारा तो वेळ असतो. पाण्यात एक सेकंद म्हणजे सुमारे ७५० मीटर खोली. दाबून घट्ट झालेल्या गाळात लहरींचा वेग वाढत असल्याने तेवढ्याच सेकंदात एक किलोमीटरहून अधिक जाडी सामावते. म्हणून छेदातली खालची जाडी डोळ्यांना दिसते त्याहून अधिक असते.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे पावणेपाचशे किलोमीटरवरच्या, अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात पाणीच साडेतीन किलोमीटरहून खोल आहे. तिथल्या छेदांत सिंधू नदीने आणलेल्या गाळाच्या समांतर रेषांमध्ये एक विस्कटलेला पट्टा दिसतो. ही नटराज दरड. किनाऱ्यालगतच्या उतारावरून साधारण एक कोटी आठ लाख वर्षांपूर्वी कोसळलेल्या या दरडीचे आकारमान सुमारे १९,००० घनकिलोमीटर असावे, असा सिस्मिक मोजणीचा अंदाज आहे. २०१५ मध्ये 'जॉइडेस रेझोल्यूशन' जहाजाने इथे छिद्रे पाडली, तेव्हा या पट्ट्यातून उथळ समुद्रातल्या चुनखडीचे तुकडे वर आले आणि तो गाळ जागच्या जागी साचलेला नाही हे उघड झाले.

गाळाखालचे कवच, म्हणजे पृथ्वीचा वरचा कठीण थर, सागरी आहे की भूखंडीय, हा प्रश्न मात्र इतका सहज सुटत नाही. त्यासाठी लहरींच्या परावर्तनापेक्षा (प्रतिध्वनीपेक्षा) अपवर्तन (थरांतून जाताना वळणे) उपयोगी पडते, कारण खोल थरांतून आडव्या धावून आलेल्या लहरी त्या थरांचा वेग सांगतात. इथे कवचाच्या तळाशी सेकंदाला ७.२ किलोमीटरच्या आसपास वेग आढळतो, जो सागरी कवचाच्या खालच्या थराच्या नेहमीच्या वेगाहून थोडा अधिक आहे. काही अभ्यासक त्याचा अर्थ ताणून पातळ झालेल्या भूखंडीय कवचाखाली साचलेला शिलारस असा लावतात, तर काहींना हे सागरी कवचच वाटते. मला दोन्ही वाचने शक्य वाटतात. वेग खडकाचे नाव सांगत नाही.

छिद्राने सुमारे १,०९२ मीटर गाळ ओलांडून बेसॉल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा काळा खडक, गाठला, पण तेवढ्याने निर्णय होत नाही. बेसॉल्ट तर सह्याद्रीतही आहे, आणि त्याच्याखाली भूखंडच आहे.