तुम्ही विचारलंत म्हणून: कायदा कडक करायचा म्हणजे कुणासाठी?

सोलापुरात उसाचा गाळप हंगाम सुरू झाला, बैलगाड्या रस्त्यावर आल्या की हमखास विचारता, “जनावरांना छळणाऱ्यांची शिक्षा वाढवावी का?” वाढवावी. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये आहे. तीन वर्षांत पुन्हा सापडला तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण “वाढवावी” एवढं ऐकलं की तुम्ही निघता. आज पुढचंही ऐका.

उसाची टायरगाडी घ्या. याच कायद्याखालच्या १९६५ च्या नियमांनुसार हवेच्या टायरच्या, दोन चाकांच्या गाडीला, बैल ३५० किलोंच्या वर असेल तर १३५० किलो ओझं; २०० ते ३५० किलोंचा असेल तर १०५०. जोडीला दुप्पट. काम दिवसाला ९ तास, सलग ५. पारा ३७ अंशांवर जातो तिथे दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही. मार्चमधलं सोलापूर आठवा.

गाडी ओढताना बैल खाली बसतो तो बहुधा चढाला. मोळ्या मागे जास्त रचल्या असल्या की गाडी उलाळते, जू वर उचललं जातं आणि गळ्याखालची जुपणी, म्हणजे बैलाला जुवाशी बांधणारा पट्टा, आवळते. श्वास कोंडतो. भार पुढे असला तर सगळं मानेवर येतं, आणि जोडीतला एक बैल ठेंगणा असला तर जू कलतं. खांदेसूज धरते ती यातूनच. डांबरावर पायाच्या पत्र्या (नाल) सरकतात, गुडघे सोलतात. अशा वेळी आधी चाकांना दगड लावायचे, गाडीला पुढून-मागून टेकू द्यायचा आणि लगेच जुपणी सोडायची. पण टेकू हाताशी नसतो, बैल सोडला तर गाडी उलटेल ही धास्ती असते. मग शेपूट पिरगाळतात, पराणी (टोकदार काठी) टोचतात. गळा आवळलेलं जनावर उठणार कसं?

पोलिसांना बोलावलंत, तरी मारहाण आणि जादा ओझं या कायद्यात अदखलपात्र. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास नाही, तोवर ऊस गाळून झालेला असतो. बैल कायमचा निकामी झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, पाच वर्षांपर्यंत कैद. तोवर वाट बघायची? आणि १९६० च्या कायद्याखालचा खटला तीन महिन्यांत दाखल झाला नाही तर संपलाच.

पुरावा नाही म्हणू नका. कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाचं वजन तारीख-वेळेसह नोंदलं जातं. बैलाचं वजन टेपनं अंदाजता येतं: छातीच्या घेराचा इंचांत वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंतची लांबी, भागिले ६६०. घेर ६८, लांबी ५८, तर सुमारे ४०६ किलो. जखमांचा दाखला पशुवैद्यकाकडून त्याच दिवशी घ्या.

“मग गाडीवानाला आत टाका,” असं तुम्ही म्हणता. त्यानं मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, मजुरी टनावर मिळते. दंड पन्नास हजार केलात तर तो उचलीत चढेल आणि पुढच्या हंगामात मोळ्या आणखी उंच रचल्या जातील. म्हणून माझा हट्ट असा की जादा ओझं दखलपात्र करा आणि ते काट्यावर उतरवून घेणाऱ्यालाही आरोपी करा.

यावरही मीच मला अडवतो. ओझं घटलं की खेपा वाढतात, खेपा वाढल्या की ९ तास मोडतात. टनाचा दर तसाच ठेवून ही गाठ कशी सोडवायची, ते मला अजून जमलेलं नाही.