सुनावणीत एक काकू बोलल्या

"साहेब, संध्याकाळी सात वाजता आमच्या रस्त्यावरून एकदा चालून बघा ना." आमचा रस्ता कमर्शियल करायच्या प्रस्तावावरच्या सुनावणीत एवढंच बोलल्या काकू. अधिकाऱ्यांनी विचारलं, "लेखी हरकत दिलीये का?" नव्हती दिली. लगेच पुढचं नाव पुकारलं.

भिंतीवर नकाशा, त्यात आमचा रस्ता पिवळ्याचा निळा, म्हणजे रहिवासीचा कमर्शियल. पण त्या निळ्या पट्ट्यात गाड्या कुठे लागणार, बंगल्यांच्या काळातली ड्रेनेज लाईन हॉटेलांना पुरणार का, यातलं काही दिसतच नाही, ते काकूंनाच माहितीये.

दुकानं नकोतच असं कोणी म्हणत नव्हतं हां. किराणा, दवाखाना हवाच, आणि ज्यांना खालची जागा भाड्याने देऊन म्हातारपणी चार पैसे मिळतील त्यांचंही खरंच आहे.

पण महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यात, कलम ३७ मध्ये, अशा बदलावर हरकत द्यायला एक महिना असतो आणि ती कोणीही देऊ शकतं, भाडेकरूसुद्धा. हे काकूंना कोण सांगणार होतं? नोटीस छापतात सरकारी राजपत्रात, ते कोण वाचतं घरी?

नोटीस सरळ रस्त्याच्या तोंडाशी, सोसायट्यांच्या बोर्डावर मराठीत मोठ्या अक्षरात लावायला काय अडतं? तुमच्याकडे लावतात का कुठे?