भाच्याची टीम आणि आजींचं मैदान

विम्बल्डन म्हटलं की आपल्याला टेनिस आठवतं. त्या प्रसिद्ध कोर्टांपासून चालत साधारण अर्ध्या तासावर, वँडल नावाच्या छोट्या नदीजवळ, प्लाउ लेन नावाचा रस्ता आहे. विम्बल्डन नावाच्या फुटबॉल क्लबाचं मैदान तिथलं. इंग्लंडला जायचं ठरलं तेव्हापासून माझ्या डोक्यात हाच रस्ता होता. बाथ झालं, ऑक्सफर्ड झालं, लेक डिस्ट्रिक्टमध्ये पाऊस अंगावर घेऊन झाला. सगळं छान होतं, फोटो घरच्या ग्रुपवर आहेत. लिहावंसं वाटतंय ते मात्र एका शनिवारबद्दल.

हेडन्स रोड हे अगदी लहान स्टेशन. बाहेर पडून थोडं चाललं की आधी जुन्या मैदानाची जागा लागते. मैदान आता नाही, तिथे फ्लॅट उभे आहेत. वसाहतीचं नाव रेनॉल्ड्स गेट. विम्बल्डनच्या एडी रेनॉल्ड्सनं १९६३ च्या हौशी करंडकाच्या अंतिम सामन्यात चार गोल केले होते, चारही डोक्यानं. एका इमारतीवर सँचेझचं नाव आहे. १९८८ च्या एफए कप या इंग्लंडच्या मोठ्या फुटबॉल करंडकाच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलविरुद्धचा एकमेव गोल लॉरी सँचेझचा. त्याच सामन्यात विम्बल्डनचा गोलरक्षक डेव्ह बेझंटनं जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी अडवली. १९७७ पर्यंत ज्या क्लबला फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे वरच्या चार श्रेणींत, जागासुद्धा नव्हती, त्यानं अकरा वर्षांत त्या काळातल्या सगळ्यात बलाढ्य संघाला हरवलं होतं. कुणाच्या तरी बाल्कनीत कपडे वाळत होते, खाली एक बाई बाबागाडी ढकलत होती. मी फाटकाशी बराच वेळ उभी राहिले. खेळाडूंची नावं भिंतीवर आणि खेळ कुठेच नाही, हे मला सोसेना.

झालं ते असं. १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीत प्रेक्षक दगावले, त्यानंतर वरच्या फळीतल्या मैदानांना सगळीकडे खुर्च्या बसवणं भाग पडलं. ते इथे जमणार नाही म्हणून क्लब १९९१ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कवर भाडेकरू म्हणून गेला. तात्पुरतं म्हणून गेला आणि परत आलाच नाही. पुढे मालकांना क्लब नव्वद किलोमीटर उत्तरेला, मिल्टन कीन्सला न्यायचा होता. २८ मे २००२ ला एफएनं, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं, नेमलेल्या तीन जणांच्या आयोगानं दोन विरुद्ध एक मतानं परवानगी दिली. चाहत्यांनी नवा क्लब काढणं हे फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही, असंही त्या निकालात लिहिलं होतं. चाहत्यांनी दोन दिवसांत नवा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन.

ही गोष्ट मला आधीपासून पाठ होती. पण शेजारच्या खुर्चीवरच्या आजींकडून ती ऐकणं निराळंच.

नवं मैदान जुन्या जागेपासून हाकेच्या अंतरावर आहे. सव्वानऊ हजारांच्या आसपास माणसं मावतात. खुर्च्या अरुंद आहेत, गुडघे पुढच्याच्या पाठीला लागतात आणि वारा सरळ कानात शिरतो. चिकन बाल्टी पाय नावाचा गरमागरम प्रकार हातात असल्यामुळे मी पहिला अर्धा तास तग धरला. (मसाला आपल्या जिभेला बेताचाच. पण त्या थंडीत तो मला फार आवडला.) सत्तरी ओलांडलेल्या आजी एकट्याच आल्या होत्या, निळा-पिवळा मफलर आणि मांडीवर थर्मास. मी कुठली, एकटी इथे कशी, हे त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पुण्याची. आमच्याकडे एक क्लब होता, २०१९ मध्ये बंद झाला, त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. एवढं ऐकल्यावर त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि माझ्या हातात दिला. पुढचा सगळा सामना त्या खेळ बघत होत्या आणि मध्ये मध्ये मला सांगत होत्या.

१९८८ ला त्या वेम्ब्लीवर होत्या. स्थलांतर ठरल्यावर त्यांनी सेलहर्स्ट पार्कला जाणं सोडलं. जून २००२ मध्ये विम्बल्डन कॉमनवर, म्हणजे तिथल्या मोकळ्या माळावर, नव्या क्लबानं खेळाडू निवडायला उघड चाचणी ठेवली. बूट असतील त्यानं यावं. दोनशेहून जास्त जण आले. आजी आणि त्यांचे यजमान गवतावर बसून दिवसभर ते बघत होते. क्लबाला प्रवेश मिळाला तो लीगच्या उतरंडीत थेट नवव्या पायरीवर. भाड्याचं मैदान किंग्स्टनला, समोरचे खेळाडू दिवसा नोकरी करणारे. आणि तरी गर्दी हजारोंनी. २००३ ते २००४ मध्ये हा संघ लीगचे सलग ७८ सामने हरला नाही. २०११ मध्ये ल्यूटनला पेनल्टींवर हरवून तो पुन्हा फुटबॉल लीगमध्ये आला. नऊ वर्षं लागली.

मग मैदानाचा विषय निघाला. ही जागा पूर्वी ग्रेहाउंड शर्यतींची. बांधकामाला पैसे कमी पडत होते आणि बाहेरचा गुंतवणूकदार आणावा का, यावर वाद चालू होता. तेव्हा चाहत्यांनी बाँड काढला आणि ५० लाख पौंडांहून जास्त रक्कम आपसांत उभी केली. त्या बाँडवर आपल्याला व्याज किती हवं ते ज्याचं त्यानं लिहायचं होतं. आजी म्हणाल्या, "आम्ही शून्य लिहिलं."

एवढंच म्हणून त्या परत खेळ बघायला लागल्या.

मला त्यानंतर बराच वेळ मैदानावरचं काही दिसलं नाही. म्हातारपणासाठी ठेवलेले पैसे, त्यावर शून्य टक्के, आणि ते सांगताना आवाजात कसलाही मोठेपणा नाही. क्लबाची बहुतांश मालकी डॉन्स ट्रस्ट या चाहत्यांच्या संस्थेकडे आहे. वर्गणी भरली की सभासद, आणि प्रत्येकाला एकच मत, मग तुम्ही कितीही मोठे असा. आपल्या पेठेतल्या गणपती मंडळासारखं म्हणा. पण या मंडळानं स्टेडियम बांधलं आहे. ३ नोव्हेंबर २०२० ला इथे पहिला सामना झाला तेव्हा करोनामुळे एकही प्रेक्षक आत नव्हता. अठरा वर्षं वाट बघितलेला सामना आजींनी घरी लॅपटॉपवर बघितला. तेही त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही.

सामना बरोबरीत सुटला. निघताना त्यांनी त्यांच्याजवळचं सामन्याचं पुस्तक मला दिलं.

आता खरी अडचण. मी राहत होते मिल्टन कीन्सला. माझा मावसभाऊ तिथे नोकरीला आहे आणि त्याचा अकरा वर्षांचा मुलगा एमके डॉन्सचा कट्टर चाहता आहे. मूळ क्लब २००३ मध्ये तिथे गेला आणि २००४ पासून त्या नावानं खेळतो. दादाच्या घरी जिन्यात पांढऱ्या जर्सीतला संघाचा फोटो लावलेला आहे. रात्री मी पिशवी सोफ्यावर ठेवली आणि भाच्याला ते पुस्तक दिसलं.

"आत्या, तू त्यांच्याकडे गेली होतीस?"

मी हो म्हटलं. तो रागावला नाही. पुस्तक उघडून पानन् पान बघत बसला. मग म्हणाला, "तिथले लोक आमच्यावर अजून का चिडतात? मी तर तेव्हा नव्हतोच." दोन्ही संघ पहिल्यांदा समोरासमोर आले ते २ डिसेंबर २०१२ ला, एफए कपमध्ये. नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेत जॉन ऑट्सेमोबोरनं टाचेनं केलेल्या गोलावर एमके डॉन्स २-१ असे जिंकले. भाच्याचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण तो गोल त्यानं शेकडो वेळा पाहिला आहे आणि दिवाणखान्यात मला टाच मारून करून दाखवला. २०१४ मध्ये मँचेस्टर युनायटेडला ४-० नं लोळवलं तेही त्याला पाठ आहे. इंग्लंडकडून खेळलेला डेली अली आमच्याच गावचा, हे त्यानं दोनदा सांगितलं.

आयोगाचा निर्णय चुकीचा होता, हे माझं मत त्या घरात बसूनही बदललं नाही. दुसऱ्यांनी शंभर वर्षं चढून मिळवलेली जागा उचलून आणायची, ही चोरीच. पण हे मी त्या पोराला कोणत्या तोंडानं सांगू? मिल्टन कीन्स १९६७ मध्ये आखलेलं शहर आहे. रुंद रस्ते, गोल चौक, सायकलींसाठी लाल वाटा, आणि जवळजवळ प्रत्येक जण कुठून तरी आलेला. मला ते लंडनपेक्षा राहायला कितीतरी सुखाचं वाटलं. दादा म्हणाला, "इथे आलो तेव्हा कुणी ओळखीचं नव्हतं. शनिवारी पोराला घेऊन स्टेडियमवर जायला लागलो, मग चार लोक नावानं हाक मारायला लागले." एमके डॉन्सनं २००७ मध्ये १९८८ च्या करंडकाची प्रतिकृती आणि जुना वारसा विम्बल्डनच्या स्थानिक पालिकेकडे, मर्टन बरोकडे, परत केला. तो इतिहास आता ते आपला म्हणत नाहीत. भाच्याला मी एवढंच म्हटलं की ते तुझ्यावर चिडलेले नाहीत, त्यांना न विचारता ज्यांनी क्लब हलवला त्यांच्यावर चिडलेले आहेत. त्याला ते पटलं की नाही, कळलं नाही.

नंतर त्यानं विचारलं, "पुण्याची टीम आता कुठे आहे?"

एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९ या काळात बालेवाडीला खेळली. २०१७-१८ मध्ये आम्ही उपांत्य फेरीत बेंगळुरूकडून हरलो. ऑरेंज आर्मी या चाहत्यांच्या गटाची पोरं घसा बसेपर्यंत ओरडायची, मीही त्यांच्यात असायचे. मग जागा हैदराबादला गेली. २०२५ मध्ये हैदराबादचा क्लबही दिल्लीला हलला. त्याच दिल्लीनं २०१९ मध्ये आपला डायनामोज क्लब भुवनेश्वरला जाताना पाहिला होता. भाचा म्हणाला, "मग तुम्ही नवी का नाही काढली? त्यांच्यासारखी?"

कारण तेव्हा आपल्याकडे जिना नव्हता. नवव्या पायरीवरून सुरू करून वर चढता येईल अशी रचना इंग्लंडमध्ये होती, म्हणून आजींच्या शून्य टक्क्यांना अर्थ आला. २०१९ मध्ये इंडियन सुपर लीगमध्ये खालून वर जायची सोयच नव्हती, जागा विकत घ्यावी लागे. आणि आम्ही नुसते तिकीट काढणारे; मत कुणालाच नव्हतं. इंग्लंडनं २०२५ मध्ये कायदा करून फुटबॉलसाठी नियामक नेमला, क्लबाला मैदान सोडून जायचं तर त्याची परवानगी लागेल अशी तरतूद त्या कायद्यात आहे. आपल्याकडे असं काही व्हावं म्हणून कुणी रस्त्यावर उतरलेलं मी तरी पाहिलं नाही, आणि याचा मला राग येतो.

पण जिना आता निदान कागदावर आहे. जिल्ह्याच्या आणि राज्याच्या लीगमधून देशपातळीवरच्या खालच्या श्रेणीत जाता येतं आणि तिथून पुढे. पुण्यात सभासदांच्या मालकीचा क्लब काढायचं कुणाच्या मनात असेल तर खाली लिहा. एक माणूस, एक मत, ही अट पाहिजे. पहिली वर्गणी माझी.