जमिनीत काहीच न पुरलेलं गाव

कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या इनुव्हिक गावाला जाणारा डेम्पस्टर हायवे म्हणजे सुमारे ७४० किलोमीटर, बहुतेक सगळी खडी, मधे पील आणि मॅकेंझी अशा दोन नद्या फेरीबोटीने पार करायच्या, त्यामुळे इनुव्हिकला पोचल्यावर एक अख्खा दिवस गाडीत पाय ठेवायचा नाही हे आधीच ठरलेलं. नवरा झोपला होता, सकाळी मी एकटीच निघाले. सकाळी असं म्हणते ते घड्याळापुरतं हां, मे अखेरपासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत इथे सूर्य मावळतच नाही.

गाव तीनेक हजार वस्तीचं. इनुव्हियालुइट आणि ग्विचिन हे इथले मूळ लोक. बघायला म्हणाल तर इग्लू चर्च आहे, गोल, पांढरं, बर्फाच्या विटा वाटाव्यात असं रंगवलेलं. मी मात्र अडकले पाइपांत! घरांच्या मागून, रस्त्याकडेने, छोट्या खांबांवरून पत्र्याचे लांबच लांब बोगदे चाललेत, त्यांना युटिलिडॉर म्हणतात, आत पिण्याच्या पाण्याची लाइन आणि सांडपाण्याची लाइन. कारण खाली पर्माफ्रॉस्ट, बारमाही गोठलेली जमीन. पाइप पुरला तर एकतर त्यातलं पाणी गोठणार नाहीतर त्याच्या उबेने आजूबाजूची माती वितळून सगळंच खचणार. घरंही त्याच कारणाने खांबांवर, खालून वारा खेळता. म्हणजे घर आतून गरम ठेवायचं पण त्याची ऊब जमिनीला लागू द्यायची नाही, आणि हे वर्षानुवर्षं. शिवाय पाइपासाठी रस्ता खणायची भानगडच नाही, पुण्याच्या बाईला हे बघून काय वाटलं असेल ते पुणेकरांनी समजून घ्यावं.

गाव तसं नवंच. मॅकेंझी नदीच्या डेल्टातलं अक्लाविक हे जुनं गाव पुराने आणि नदीकाठ ढासळून बेजार झालं म्हणून सरकारने १९५० च्या दशकात ही जागा शोधून नवं गाव आखलं, आणि १९५८ मध्ये त्याचं नाव इनुव्हिक ठेवलं. पण अक्लाविकचे सगळे काही हलले नाहीत, लोक अजून तिथे राहतात आणि त्या गावाचं ब्रीदवाक्य आहे 'नेव्हर से डाय'. असल्या हट्टी लोकांबद्दल मला उगाचच प्रेम वाटतं.

मशीदही आहे, छोटीशी. ती दूर दक्षिणेच्या विनिपेग शहरात बांधली आणि २०१० मध्ये तयार इमारतच आधी ट्रकवर आणि मग मॅकेंझीतून बार्जवर, म्हणजे मालवाहू सपाट बोटीवर, अशी जवळजवळ ४००० किलोमीटर आणली. मिनार तेवढा इथे येऊन बांधला.

सगळ्यात जास्त वेळ गेला कम्युनिटी ग्रीनहाउसमध्ये. मूळचं आइस हॉकीचं अरीना, म्हणजे छताखालचं मैदान, पाडण्याऐवजी वर पारदर्शक छप्पर घातलं आणि आता आत लोकांचे वाफे. एक आजी तण काढत होत्या. म्हटलं एवढं चोवीस तास ऊन, मजा असेल नाही पिकांची? तर म्हणाल्या कसली मजा, पालकाला लगेच तुरे येतात. मी कोथिंबिरीचं विचारलं, ती पण तसलीच, पानं चार आणि फुलंच फार. मग मेथीचं विचारलं, तर मेथी त्यांना माहीतच नव्हती, झालं, तिथेच वाफ्याच्या कडेला बसून मेथीची भाजी, मेथीचे लाडू, बाळंतिणीचं खाणं, सगळं सांगून झालं आणि आजींनी मागच्या खिशातून वही काढून स्पेलिंग लिहून घेतलं.