बेर्सीचा फड

"मावशी, तू फक्त ये. कळलं नाही तर मी समजावतो."

हे ऐकूनच मी सावध व्हायला हवं होतं. भाचा श्टुटगार्टला एमएस करतो, मी तिथे गेली अकरा वर्षं नोकरी करते. त्याच्या मित्राने ऐन वेळी टांग दिली आणि अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारच्या पॅरिसच्या कार्यक्रमाचं एक तिकीट मोकळं झालं. किती युरोचं, ते मी अजून माझ्या बहिणीला, म्हणजे त्याच्या आईला, सांगितलेलं नाही.

२२ ऑक्टोबर २०२२, शनिवार. नरकचतुर्दशी दोन दिवसांवर आलेली, म्हणून पिशवीत चकल्यांचा डबा. आधी कुणाच्या तरी गाडीतून जायचं घाटत होतं, पण त्या महिन्यात फ्रान्समध्ये तेलशुद्धीकरण कारखान्यांचा संप चालू होता आणि पेट्रोल पंपांवर रांगा. मग सरळ आगगाडी धरली. तीन-सव्वातीन तासांत पॅरिसचं गार द लेस्त स्टेशन.

तिथून शातलेला गाडी बदलून मेट्रोची १४ नंबरची लाइन. ही १९९८ पासून ड्रायव्हरशिवाय धावते, त्यामुळे पहिल्या डब्यात पुढच्या काचेला नाक लावून बोगदा बघता येतो. तेवीस वर्षांचा माझा भाचा तिथे लहान पोरांना बाजूला सारून उभा राहिला.

बेर्सी स्टेशनातून वर आलं की समोर एक हिरवी टेकडी दिसते. टेकडी कसली, सभागृहच ते! १९८४ मध्ये बांधलेल्या या वास्तूच्या तिरक्या भिंतींवर खरंखुरं गवत लावलेलं आहे. पुढे तिचं नाव एका हॉटेल कंपनीच्या नावावरून अॅकॉर अरीना झालं, पण पॅरिसकर अजून 'बेर्सी'च म्हणतात. गंमत म्हणजे शेजारीच अर्थमंत्रालय असल्यामुळे फ्रेंच वर्तमानपत्रांत 'बेर्सीने कर वाढवला' असंही छापून येतं.

कराचा आणि या जागेचा संबंध जुना आहे. १८६० पर्यंत बेर्सी पॅरिसच्या जकात नाक्याबाहेर होतं. सीन नदीतून वाइनची पिंपं इथे उतरायची आणि जकात नसल्यामुळे इथली वाइन स्वस्त पडायची. मग गुत्ते आले, नाचगाणी आली. वेशीबाहेर मौज करायची पद्धत सगळ्या गावांत सारखीच. सभागृहाला लागून जी बाग आहे तिथे फरसबंदीत जुने रूळ अजून दिसतात. एका कोपऱ्यात द्राक्षाचे वेलही राखलेत. आत डबा नेऊ देणार नाहीत असं वाटल्याने आम्ही तिथल्या बाकावर बसून निम्म्या चकल्या संपवल्या आणि उरलेल्या कागदात गुंडाळून कोटाच्या खिशात भरल्या.

इथे मला नारायणगाव आठवलं. आमचं आजोळ जुन्नर तालुक्यातलं. पाडव्याच्या आधी नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी यात्रेची सुपारी द्यायला येतात. मग ट्रक भरून फड आज या गावाला, उद्या त्या गावाला. केंड्रिकचा हा दौराही त्याच जातीचा. जुलैमध्ये ओक्लाहोमा सिटीला नारळ फुटला, डिसेंबरात न्यूझीलंडच्या ऑकलंडला सांगता. मधे अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया. प्रत्येक गावी तोच रंगमंच ट्रकांतून उतरवायचा, तेच दिवे छताला टांगायचे, रात्री उतरवून पुढे निघायचं.

या गायकाबद्दल मला गाडीत जे शिकवण्यात आलं ते थोडक्यात: लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनचा, १९८७ चा जन्म. २०१८ मध्ये त्याच्या 'डॅम' या अल्बमला संगीताचं पुलित्झर मिळालं. त्याआधी ते फक्त शास्त्रीय आणि जॅझवाल्यांकडे जायचं. २०१७ च्या त्या 'डॅम'नंतर पाच वर्षांनी, मे २०२२ मध्ये नवा अल्बम आणला आणि त्याच्याच नावावरून या दौऱ्याला 'द बिग स्टेपर्स' म्हणायचं. त्यात आजचा दिवस खास, कारण त्याला जगभर नाव मिळवून देणारा अल्बम दहा वर्षांपूर्वी याच तारखेला आला होता. म्हणून आजचा प्रयोग प्राइमवर थेट दाखवणार होते. पुण्यात बहीण मध्यरात्र जागवून बसली होती.

आमच्या जागा पार वर. वीसेक हजारांचं सभागृह, खाली माणसं म्हणजे मोहरीचे दाणे. आधी दोघांनी गण-गौळण उरकली. त्यातला एक, बेबी कीम, केंड्रिकचा चुलतभाऊ की मावसभाऊ. इंग्रजीत सगळे कझिनच. मग पांढराशुभ्र, लांबलचक, जवळजवळ रिकामा रंगमंच उजळला. कवायतीसारखी पावलं आपटत नर्तक आले आणि मग दिसला पियानोपाशी बसलेला तो, आणि त्याच्यासारखाच कपडे केलेला एक बोलका बाहुला.

मी भाच्याच्या कानात ओरडले, "अरे, हा तर अर्धवटराव!" त्याला रामदास पाध्ये ठाऊक नाहीत. वाईट वाटलं.

पण तिथून माझं लक्ष हललं नाही. मधूनमधून एका बाईचा खणखणीत आवाज त्याला हाक मारून खडसावत होता. तो अभिनेत्री हेलन मिरेनचा. म्हणजे सूत्रधार आहे, वग आहे! एकदा तो पडद्यासमोर उभा राहिला, मागे त्याची सावली पडली, आणि सावलीच्या पाठीत बाण रुतलेले. त्याच्या पाठीत काहीच नाही. वीस हजार लोकांसमोर एक माणूस सावलीशी खेळत होता आणि वरच्या मजल्यावरही ते पोचत होतं.

मग एक पारदर्शक पेटी आली. आत तो आणि पीपीई किट घातलेली चार माणसं, त्याची कोविडची चाचणी घेणारी. मला २०२० मधलं बहिणीच्या सोसायटीचं बंद गेट दिसलं. त्याच पेटीत त्याने ते गाणं घेतलं, जे अमेरिकेतल्या मोर्च्यांत घोषणेसारखं म्हटलं जायचं. सगळं सभागृह उड्या मारायला लागलं, पायाखालचं काँक्रीट हललं. आमच्या पुढच्या रांगेतल्या ज्या पोराला मघाशी इंग्रजीत स्वच्छतागृह कुठे ते सांगता आलं नव्हतं, तो कॉम्प्टनच्या बोलीतली ओळ न् ओळ म्हणत होता. असे झीलकरी कुठल्या शाहिराला मिळाले असतील?

तरी एक तक्रार आहे. यात बतावणी नाही. आमचा सोंगाड्या गावात पाय ठेवला की आधी सरपंचाची फिरकी घेतो, नदीला पाणी नाही म्हणून टोमणा मारतो. इथे पॅरिसला पॅरिसचं असं काही मिळालं नाही. सगळं इतकं घट्ट बांधलेलं की एक दिवा चुकायला जागा नाही, गप्पा जवळजवळ नाहीतच. ओक्लाहोमातही हेच झालं असणार. भाच्याच्या मते तीच तर ताकद आहे. असेल. शिवाय वर बसल्यावर शब्द कळत नाहीत. खर्ज तेवढा बरगड्यांत वाजतो.

शेवटी तो जिथे उभा होता तो तुकडाच खाली गेला आणि माणूस जमिनीत गडप. लोक टाळ्या वाजवत थांबले, तो काही परत आला नाही.

बाहेर मेट्रोत शिरायला ही झुंबड. म्हणून सीनवरच्या सिमोन द बोव्हार पुलावरून पलीकडे चालत निघालो. भाच्याचा आवाज पार बसलेला. खिशातल्या चकल्यांचा भुगा झाला होता, तो आम्ही तळहातावर घेऊन खाल्ला. पुलाच्या मध्यावर बहिणीचा मेसेज आला:

"सगळं पाहिलं. तुम्ही दोघं कुठेच दिसला नाहीत. आणि तो बाहुला शेवटी कुठे गेला गं?"

मी पाहिलंच नव्हतं. भाच्याला विचारलं, तर बसक्या आवाजात त्याने जे सुरू केलं ते हॉटेलच्या लिफ्टपर्यंत चालू होतं.