डंबार्नीचं मातीकाम

मला गोल्फ येत नाही आणि या वयात शिकायची हौसही नाही. उभी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. हिरवळ दिसली की आधी उतार बघायचा, मग पाणी कुठून निघतं ते बघायचं, ही खोड काही जात नाही. त्यामुळे एडिनबराला लेकीकडे आल्यावर जावई म्हणाले, "बाबा, रविवारी डंबार्नीला खेळायला जातोय, चला की नुसते फिरायला," तेव्हा मी लगेच बूट घातले. एका राउंडचे किती पडतात हे मात्र त्यांनी विचारूनही सांगितलं नाही. हिच्या कानावर जाऊ नये म्हणून असेल.

आम्ही मुद्दाम आगगाडीनं गेलो. लेव्हनचा रेल्वेमार्ग १९६९ साली प्रवाशांसाठी बंद झाला होता, तो २०२४च्या जूनमध्ये पुन्हा सुरू झाला. त्या निमित्तानं फोर्थच्या खाडीवरचा १८९०चा रेल्वेपूल, फोर्थ ब्रिज, खालून नव्हे, आतून बघायला मिळाला. त्या पुलावर वेगळं लिहीन, नाहीतर गोल्फ राहून जाईल. लेव्हनहून टॅक्सी, वाटेत लोअर लार्गो गाव. रॉबिन्सन क्रूसोची गोष्ट ज्याच्यावरून सुचली म्हणतात तो अलेक्झांडर सेलकर्क इथलाच, १६७६चा जन्म. मागे लार्गो लॉ नावाची टेकडी, विझलेला ज्वालामुखी.

डंबार्नी लिंक्स २०२० साली सुरू झालं. लिंक्स म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या जमिनीवरचं गोल्फचं मैदान. फाइफ परगण्याच्या या किनाऱ्यावर नुसतं नवं म्हणून भागत नाही. मोटारीनं अर्ध्या तासाच्या आत सेंट अँड्र्यूज आहे, तिथे सहाशे वर्षं हा खेळ चाललाय. तिथली जमीन वाऱ्यानं, समुद्रानं आणि मेंढरांनी घडवली. डंबार्नीची जमीन मात्र बाल्कारस इस्टेटीची शेतजमीन होती. क्लाइव्ह क्लार्क नावाच्या आर्किटेक्टनं, जो स्वतः रायडर कप ही गोल्फची मोठी सांघिक स्पर्धा खेळलेला आहे, तिचं हे सगळं केलं. म्हणजे समोर दिसणाऱ्या वाळूच्या टेकड्या यंत्रांनी उभ्या केलेल्या. हे कळल्यावर माझं समुद्राकडे लक्षच राहीना. कटिंग कुठे, भराव कुठे, हेच शोधत चाललो.

सापडेना. आमच्या कालव्यांवर भराव लांबून ओळखू येतो. माथा सपाट, बाजू सरळ, आणि दीड-दोनास एक उतार सगळीकडे सारखाच, कारण अंदाजपत्रकात तोच लिहिलेला असतो. इथे एकही उतार सलग नाही. टेकडी चढताना मंद, माथ्याजवळ अचानक खडी, पलीकडे घसरगुंडी, आणि पायथ्याशी जमीन पुन्हा जराशी उचललेली, वाऱ्यानं वाळू सारली की उरते तशी. वर गुडघाभर फेस्क्यू गवत, ऑगस्टमध्ये पिवळं पडलेलं. हे गवत हडकुळं, त्याला पाणी कमी, खत त्याहून कमी. जावई त्याला शिव्या घालत होते, कारण चेंडू आत गेला की दिसत नाही.

आतली माती बघायची सोय सशांनी केली होती. फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या खेळपट्ट्याच्या, कडेला एका बिळाबाहेर ढीग पडलेला, म्हणजे माती तपासायचा ट्रायल पिट फुकटात! चिमूटभर घेऊन चोळली: बारीक, कोरडी वाळू, शिंपल्याचे कण मिसळलेली, बोटाला चिकटण्याइतकीही चिकणमाती नाही. आदल्या रात्री पाऊस झाला होता, तरी कुठल्या खळग्यात पाणी नाही आणि माझ्या बुटांना चिखल नाही. लिंक्सचं सगळं गणित या वाळूवर आहे. पाणी मुरतं, म्हणून जमीन कडक राहते, आणि कडक राहते म्हणून चेंडू पडून थांबत नाही, घरंगळतो. जावई ग्रीनच्या, म्हणजे झेंडा रोवलेल्या गुळगुळीत हिरवळीच्या, बऱ्याच अलीकडे चेंडू टाकायचे आणि तो आपला डावीकडून वळसा घेत झेंड्यापाशी जायचा. कधीकधी. बहुतेक वेळा बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात.

मैदानात दगडी भिंती आहेत, आपल्या कोकणातल्या गडग्यासारख्या, चुना-सिमेंट न लावता रचलेल्या. एका भिंतीजवळ मी बराच वेळ थांबलो. दगड बसवणाऱ्याचा हात चांगला होता, सांधे एकावर एक आलेले नव्हते.

मागच्या टीपासून, म्हणजे पहिला फटका मारायच्या सगळ्यात लांबच्या जागेपासून, मोजलं तर कोर्स सुमारे ६,९०० यार्ड, म्हणजे सव्वासहा किलोमीटर. टेकड्यांना वळसे घालून पायाखाली जास्तच जातात. समुद्र बऱ्याच होल्सवरून दिसतो. खाडीपलीकडे बास रॉकचा पांढरा ठिपका, शेजारी नॉर्थ बेरिकची टेकडी. इथेच माझी थोडी तक्रार आहे. टीवर उभं राहिलं की प्रत्येक वेळी काहीतरी देखणं समोर येतं, आणि ते आपसूक येत नाही, आणलेलं असतं, हे हळूहळू कळायला लागतं. सतरावं होल पार ४चं, म्हणजे चार फटक्यांत संपवायचं, पण मुद्दाम आखूड. जोरात मारणाऱ्याला एका फटक्यात ग्रीन गाठायचा मोह व्हावा म्हणून तसं ठेवलंय. जावयांना तो झाला. पुढचं सांगत नाही, ते हा ब्लॉग वाचतात.

महिलांची स्कॉटिश ओपन २०२१ आणि २०२२ साली इथेच झाली. दुसऱ्या वर्षी जपानच्या आयाका फुरुए हिनं शेवटच्या दिवशी अठरा होल्स ६२ फटक्यांत संपवले. जावयांचा आकडा छापण्यासारखा नव्हता, पण तो वाऱ्यामुळे, असं त्यांचं म्हणणं.

एका ठिकाणी कुत्रं घेऊन एक बाई सरळ फेअरवे ओलांडायला आल्या. मला वाटलं आता भांडण होणार. त्या कडेला थांबल्या, यांचा फटका झाला, हात वर केला आणि निघून गेल्या. स्कॉटलंडमध्ये २००३च्या कायद्यानं लोकांना गोल्फ कोर्समधून पलीकडे जाता येतं, फक्त ग्रीनवर पाय ठेवायचा नाही आणि खेळात आडवं यायचं नाही. एवढी महाग जमीन, आणि गावकऱ्याची वाट शाबूत! आपल्याकडे फार्महाउसवाल्यांनी बंद केलेल्या पाणंद वाटा आठवून मला त्या बाईंचा हेवा वाटला.

खेळ संपल्यावर जावई क्लबहाउसमध्ये बसले आणि मी किनाऱ्याच्या पायवाटेनं खऱ्या वाळूच्या टेकड्यांकडे गेलो. त्या कोर्सला लागूनच आहेत, राखीव ठेवलेल्या. तिथे दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे अडवायचे काँक्रीटचे ठोकळे अजून उभे आहेत. काँक्रीटची वाळू बहुधा तिथलीच असावी. कडा झिजून आतली खडी उघडी पडलीय. खऱ्या टेकड्या बघितल्यावर मात्र एक फरक कळला. त्या बुटक्या, वेड्यावाकड्या, मधूनच तुटलेल्या. देखणेपणात क्लार्कच्या टेकड्या सरस आहेत, आणि तेच त्यांचं बिंग. पुढच्या रविवारी लेव्हनचा जुना कोर्स बघायचाय, तिथले उंचवटे कुणीच आखलेले नाहीत म्हणतात. जावयांना अजून सांगितलेलं नाही.